नजरेचं वाक्य

५ जानेवारी, रविवार

सुशांतची पिशवी आज पुन्हा बाजारात!

मी दिवाळीत काकीला जाड कापडाची, दोन कप्प्यांची चांगली पिशवी आणून दिली होती. तीही होती. तिच्यात कांदे, आणि ती धरली होती मी. काकीच्या खांद्यावर मात्र ऑस्ट्रेलियातल्या दुकानाची हिरवी पिशवी — नाव बाहेरच्या बाजूला, लोकांना दिसेल असं. भाजीवाली म्हणाली, "आजी, फॉरेनची काय?" झालं! मेथीच्या दोन जुड्या निवडेपर्यंत काकीने मुलाची, सुशांतची, सगळी गोष्ट सांगून टाकली. मेलबर्न. मोठा पेट्रोल पंप, त्याच्या आवारात काचेचं दुकान, आणि त्या सगळ्याचा मॅनेजर माझो झील.

मग माझ्याकडे हात केला. "ह्यो माझ्या थोरल्या दिराचो लवू. ह्यो पण पंपार आसा."

पण. तो एक 'पण' घेऊन मी घरापर्यंत चालत आलो.

मी मुलुंडला एलबीएस रोडच्या पंपावर गाड्यांत पेट्रोल भरतो. वीसेक वर्षं झाली. त्याची लाज नाही वाटत. कांद्यांची वाटली.

६ जानेवारी, सोमवार

दहावी झाल्यावर गावाहून आलो तो काकीच्याच दारात. आई आधीच गेली होती. सुशांत तेव्हा नऊ वर्षांचा, हट्टी, गोरा. काकीने मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी टाकून बोलली नाही. पण दुधावरची साय सुशांतला. ते बरोबरच होतं. तिचाच तो. मी वाटीकडे बघायचो नाही, एवढंच.

काका गेले, मग सुशांत परदेशी गेला. काकी एकटी पडली म्हणून मी बायकोला, रुक्मिणीला, आणि पोरीला, दिशाला, घेऊन या जागेत आलो. जागा काकांची, म्हणजे पुढे सुशांतचीच. काकी आमच्याकडे राहते की आम्ही काकीकडे, हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

पन्नाशी आली तरी वाटीकडे न बघण्याची सवय गेली नाही. म्हणजे बघतोच आहे.

१२ जानेवारी, रविवार

आज सुशांतने फोन हातात धरून आम्हाला दुकान फिरवून दाखवलं. तिकडे गेल्यावर पहिली नोकरी त्याने ज्या सुपरमार्केटात केली, ते. काकी मधे, दिशा आणि रुक्मिणी दोन्ही बाजूंना. मी मागे उभा, चष्मा नसल्यासारखा.

"दादा, बघ, इथे मी उभा असायचो. आता काउंटरच नाही!"

खरंच नव्हता. माणसं आपापला माल मशीनला दाखवतात, कार्ड टेकवतात, पुढे फाटक. बिल दाखवलं तरच उघडतं. डोक्यावर कॅमेरा — केळी ठेवली की मशीनला कळतं केळी आहेत. फळीवर किमतीची चिठ्ठी नाही, बोटाएवढी काच आहे. भाव बदलला की आकडा आपसूक बदलतो.

दिशा तर वेडीच झाली. "झकास ना! बाबा, बघा ना यार!"

"बघतोय."

काकी म्हणाली, "मगे थंयची माणसां खंय गेली?"

"आई, माणसं लागतच नाहीत आता!" सुशांत हसला. आम्हीही हसलो.

नंतर त्याचा पंप. तिकडे आमच्यासारखा भरणारा कोणी नसतोच. एक बाई, चांगल्या घरातली, स्वतः नोझल धरून उभी. सुशांत आत, काचेमागे, स्वच्छ शर्टात. आता तेही बदलतंय म्हणाला — पेट्रोलची मशीनं कमी, विजेच्या गाड्या लावायचे खांब जास्त, आणि दुकान दुप्पट मोठं. त्या भागातल्या सगळ्या पंपांवर मिळून एक साहेब नेमणार आहेत आणि त्यात याचं नाव पुढे आहे.

"तेवढी बढती झाली की इथले कायमचे कागद. मग आईला घेऊनच जातो."

काकी म्हणाली, "थंय माका भाकरी मेळतली?"

सगळे केवढ्याने हसले. मी पाणी प्यायला आत गेलो. तहान नव्हती.

१३ जानेवारी, सोमवार

पूजेला बसलो. देवाच्या जागी ते फाटक दिसत राहिलं. बिल दाखवलं तरच उघडणारं.

१८ जानेवारी, शनिवार

दादूला पंपावर सगळं सांगितलं. दादू माझ्या आधीपासून इथे आहे, तोंडाने तिखट. गिऱ्हाइकाला "साहेब, झिरो बघा" असं म्हणतो तेव्हासुद्धा शिवी दिल्यासारखं वाटतं.

"म्हणजे तिथे लोक स्वतःच भरतात? मग आपल्यासारख्याने काय करायचं, आरती ओवाळायची?"

"काचेमागे बसायचं. बिस्किटं विकायची."

"तू बसशील रे लवूशेठ, तुझा भाऊ आहे. मला बसवलं तर बिस्किटं खपायची नाहीत." मग माझ्याकडे बघून हळूच — "जळतो काय रे त्याच्यावर?"

"छे!"

"जळायला हरकत नाही. फक्त इथे नको, पंप आहे."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण दिवसभर ते वाक्य अंगाला चिकटून राहिलं, पेट्रोलच्या वासासारखं.

संध्याकाळी काकीच्या गुडघ्यांना तेल लावत होतो. रोज लावतो. तिला बरं वाटतं, डोळे मिटते. आज मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "तुझ्या हातांक वास येता रे."

"साबणाने धुतलेत काकी."

"तरी येता."

सुशांतच्या हातांना येत नसेल. तो काचेमागे असतो.

२६ जानेवारी, रविवार

काकीने मला जवळ बोलावलं. "उद्या सोमवार. रवळनाथाक गाराणां घाल. सुशांताच्या बढतीचा."

"मी?"

"मगे कोण? घरातलो मोठो तू."

बरोबर. गाऱ्हाणं घरातल्या थोरल्यानेच घालायचं. काका गेल्यापासून मीच घालतो. दिशाच्या परीक्षेचं, काकीच्या मोतीबिंदूचं, सुशांतच्या प्रत्येक गोष्टीचं. गावचा देव गावात, पण देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून हाक मारली की इथवर ऐकतो असं आमच्याकडे मानतात. मीही मानतो. मनापासून मानतो. अडचण तीच आहे.

रुक्मिणीने भांडी विसळता विसळता विचारलं, "तोंड का पडलं?"

"कुठे पडलं?"

"बढती झाली तर काकी जाणार म्हणून? की बढती होणार म्हणून?"

तिने नळ बंद केला. "दोन्ही असेल तर तसं देवाला सांगा. त्याला काय, कळतंच."

तिला असं पटकन बोलता येतं. मला आज दिवसभर ते लिहायलासुद्धा जमत नव्हतं. आता लिहितो — काकी जाऊ नये. आणि सुशांतला ते मिळू नये. दोन वेगळी आहेत असं मी स्वतःला सांगत होतो. नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

घातलं गाऱ्हाणं. घातलं, पण —

नीट लिहितो.

सकाळी आंघोळ करून नारळ, विडा ठेवला. काकी भिंतीला टेकून स्टुलावर. रुक्मिणी, दिशा मागे हात जोडून. मी सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, गांवच्या म्हाराजा! मागून तिघींचं — व्हय म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे उभी आसत रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! काय चुकलामाकला आसात तां पदरात घे. व्हय म्हाराजा! तुझो सुशांत परमुलखात आसा, तेच्या कामाक येश दी, मनात धरलेला पुरा कर. व्हय म्हाराजा!

इथवर आलो. सुशांतचं नाव घेताना आवाज किंचित दबला, पण आलो.

आणि मग नजरेचं वाक्य. काका म्हणायचे तेच मी म्हणत आलोय — कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती ज्याची त्याच्यार उलटव रे म्हाराजा. त्याच्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मुळात घालायचं त्यासाठीच. चांगलं होणाऱ्याच्या आड येते ती नजरच.

जीभ उचलेना. ज्याची त्याच्यार! देव समोर, आणि नजर असलेला माणूस तोंड उघडून उभा. कोणावर उलटव म्हणू?

नाही म्हटलं. सरळ शेवटावर गेलो. सगळ्यांक सुखी ठेव रे म्हाराजा. मागून दोघींचं व्हय म्हाराजा आलं. काकीचं नाही आलं. दिशा मोबाइलकडे वळली, रुक्मिणी चहाकडे.

नारळ फोडताना काकी म्हणाली, "आज गाराणां आखूड झाला."

"उशीर होतोय काकी, ड्युटी आहे."

तिने नुसतं बघितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

काकीने ट्रंकेतला स्वेटर काढून उन्हात टाकला. सगळ्या मजल्याला सांगून झालं. "ऑस्ट्रेलियाक जातलंय. थंय म्हणे जूनात थंडी!"

स्वेटर मी घेतलेला आहे. नाशिकहून. तिला आठवत नसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सुशांत फोनवर घाईत. चेहरा ओढलेला. दीप्ती, त्याची बायको, ज्या स्वस्त मालाच्या दुकानात काम करते तिथे 'सगळं विकून टाकायचं आहे' अशा पाट्या लागल्यात म्हणाला. "दुकान बंद करतायत. पण तिला दुसरीकडे मिळेल." काकीने विचारलं, बढतीचं काय? "होईल गं आई, बोलणी चालू आहेत."

त्याचा आवाज मी ओळखतो. लहानपणी काच फोडली की असाच बोलायचा.

मला काय वाटलं ते लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. बरं वाटलं. अगदी थोडं. पहिल्या घोटाच्या चहासारखं.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही. काकी फोन मांडीवर घेऊन बसली. भाकरी अर्धी टाकली. माझ्या हातची नव्हे, रुक्मिणीच्या हातची, तरी मलाच लागलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी पंपावर असताना सुशांतचा फोन. माझ्या मोबाइलवर, मला एकट्याला. असं तो कधी करत नाही. गन दादूकडे देऊन हवा भरायच्या मशीनमागे गेलो.

"दादा, आईला सांगू नकोस."

मग सांगितलं. बढती वगैरे काही नाही. त्यांच्या कंपनीने ते सगळे पंप दुसऱ्या कंपनीला विकले. नव्या कंपनीला सगळ्यांवर मिळून एक साहेब नको, पंपागणिक मॅनेजरही नको. पेट्रोलच्या मशीनवरच कार्ड लावायचं. दुकानात माल भरायला एक पोरगी. बाकी दूर कुठेतरी एक माणूस पडद्यासमोर बसून अनेक पंप बघणार. सुशांतला गेल्या महिन्याअखेर काढलं. व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसरीकडे सगळीकडे विचारून झालं, सुपरमार्केटात, गोदामात. "दादा, ज्या मशीनी तुम्हाला दाखवून मी हसत होतो ना, त्यांनीच..."

"मग?"

"मग काय. मी परत येतोय. कायमचा. दीप्ती घराचं आवरून मागाहून येईल."

मी म्हटलं, ये. आणखी काय म्हणणार? फोन ठेवला.

आता खरं. आधी आनंद झाला. उभ्या जागी, हवेच्या मशीनमागे, छाती भरून आनंद! काकी जात नाही. हिरवी पिशवी संपली. भाजीवालीला आता काय सांगशील?

आणि त्याच्या पाठोपाठ भीती. हे मी मागितलं होतं. तोंडाने नाही, पण मागितलं होतं. देवापुढे नजरेचं वाक्य गिळून मी माझी नजर मोकळी सोडली. ती गेली आणि त्याच्या घरावर बसली.

दादू ओरडला, "लवूशेठ, गाड्या लायनीत आहेत, हवा खाऊन झाली असेल तर या!"

२० फेब्रुवारी, गुरुवार

पूजा रुक्मिणीला करायला सांगितली. पाठ दुखते म्हणालो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गाऱ्हाणं परत घेता येतं का? गावच्या गुरवाला फोन करून विचारणार होतो, कसं विचारायचं कळलं नाही. पण अर्धं राहिलेलं पुरं तर करता येईल.

सकाळी काकी अंघोळीला, रुक्मिणी खाली गेलेली. देव्हाऱ्यापुढे एकटाच उभा राहिलो. नारळ नाही, विडा नाही. हात जोडले आणि नुसतं ते वाक्य म्हटलं. मोठ्याने म्हणायला हवं म्हणून मोठ्याने. सुशांतार कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती ज्याची त्याच्यार उलटव रे म्हाराजा!

शांत. व्हय म्हणायला कोणीच नाही. आणि कोणी व्हय म्हणाल्याशिवाय गाऱ्हाणं धरत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं का लिहू. मी माझं केलं, आता धरलं नाही तर —

तेवढ्यात आतून दिशा. केस विंचरत असेल, एका कानात ते गाणी ऐकायचं बोंडूक. लहानपणापासूनची सवय. "व्हय म्हाराजाऽऽ!"

धरलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिता येत नाही नीट. एका डोळ्याने लिहितोय.

कालची शिवरात्र, उपास. आज पहाटेच्या पाळीला अंगात थोडी कणकण. एका टेम्पोची टाकी भरत होतो, गन आपोआप बंद पडायची ती पडली नाही. उसळून आलं, सरळ डाव्या डोळ्यात! असं वीस वर्षांत झालं नाही. दादूने मानगूट धरून नळाखाली घातलं आणि पाणी मारत राहिला. "डोळा उघड! उघड मेल्या, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!" डॉक्टरने धुतला, थेंब दिले. नजर शाबूत आहे म्हणाला. नजर!

डोळ्यात. हातावर नाही, पायावर नाही. मी काही बोललो नाही कोणाला. देवाने इतकं सरळ उत्तर द्यावं!

रडलो नाही. पण डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं, तेव्हा कोणाला कळलंही नसतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काकी सकाळपासून माझ्या उशाशी. थेंब तीच घालते. हात थरथरतो, निम्मे गालावर पडतात. दिशाला हात लावू देत नाही. "तुका जमाचा नाय."

सुख वाटलं. शिक्षेत सुख वाटणं हे काय आहे, कळत नाही.

५ मार्च, बुधवार

सुशांतने आज स्वतःच काकीला सांगितलं. फोनवर. मी जवळ बसलो होतो, ती कोसळली तर धरायला.

कोसळली नाही. नोकरी का गेली, विचारलं नाही. मशीन कसली, विचारलं नाही. एकच — "कधी येतलंस?"

फोन ठेवला आणि उठली. काठीशिवाय! माळ्यावरची सुशांतची गादी काढायला लावली. गच्चीत उन्हाला. मी आणि दिशाने वाहून नेली. कापूस पुन्हा पिंजून घेऊया म्हणाली.

मी ज्या गादीवर झोपतो तिच्यात मधोमध खड्डा आहे. कधीचा.

तो भरल्या हातांनी परदेशात होता तेव्हा त्याचा हेवा. आता तो रिकाम्या हातांनी येतोय तर गादीचा हेवा! माणूस उघडा पडला तरी या हेव्याला काहीतरी सापडतंच. देवा, तू डोळा धुतलास, पण आत काही राहिलंच.

१० मार्च, सोमवार

रुक्मिणीने आज विषय काढला. "भावजी आले, मग दीप्ती आली, की आपण कुठे? मी म्हणते डोंबिवलीकडे खोली बघून ठेवू."

"काकीचं?"

"काकीचा मुलगा येतोय ना काकीला बघायला."

ती वाईट हेतूने बोलली नाही. हिशेब सरळ आहे. गुडघ्यांना तेल आता तो लावेल. त्याच्या हातांना वास नाही.

२२ मार्च, शनिवार

अंधेरीला सहार विमानतळावर जाऊन सुशांतला घेऊन आलो. बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. खांदे गेलेले. दाढीत पांढरे केस. माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि माझ्याच वयाचा. पाया पडला. भर गर्दीत. नको नको म्हणेपर्यंत.

टॅक्सीत म्हणाला, "दादा, तुझा डोळा लाल का?"

"कचरा गेला होता."

दारात काकीने भाकरतुकडा ओवाळला. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मी दोन बॅगा घेऊन जिन्यात उभा. कोणी आत ये म्हणेना. शेवटी दिशाने एक घेतली. "बाबा, तुम्ही पण या ना आत. की तुम्हाला पण ओवाळायचंय?"

२४ मार्च, सोमवार

सुशांत दुपारी पंपावर आला. घरात बसवत नाही म्हणाला. काकी दर दहा मिनिटांनी खायला देते.

उभा राहून बघत होता. एक स्कूटर लागली तशी याने सवयीने पुढे होऊन गन उचलली, झाकणाकडे हात. दादू ओरडला, "ओ फॉरेन! इकडे आम्ही भरतो. ठेवा ते!"

ओशाळला. मग हसला. "तिकडे स्वतःची गाडी सोडून कोणाची भरली नाही कधी. काचेतून लोक भरताना बघायचो. दिवस दिवस कोणाशी बोलणं नाही. दादा, तू इथे सकाळपासून किती जणांशी बोललास?"

"कुठे? झिरो बघा, एवढंच."

"तेवढंच."

दादूने त्याला चहा पाजला. मग माझ्या कानाशी — "हाच काय रे, ज्याच्यावर तू जळत होतास? अरे, हा तर विझलेला!"

मी दादूवर चिडलो. खरोखर चिडलो, पहिल्यांदाच. बोलणंच बंद केलं पाळी संपेपर्यंत. सुशांतसाठी मी भांडेन असं मला वाटलं नव्हतं.

घरी आलो तर तो काकीच्या गुडघ्यांना तेल लावत होता. आणि पुन्हा ते आलंच. आतल्या आत, तिथल्या तिथे.

३० मार्च, रविवार

गुढी सुशांतने उभारली. काकी म्हणाली, उभारूंदे तेका, इतक्या वर्षांनी. मी दोरी धरली.

रुक्मिणीने डोंबिवलीच्या खोलीचं सुशांतला सांगून टाकलं. तो जेवता जेवता थांबला. काकीकडे बघितलं. काकी भात कालवत राहिली. "उद्या सोमवार," ती म्हणाली. "लवू, गाराणां घालूक होया." बस्स.

३१ मार्च, सोमवार

घातलं. सुशांत मागे उभा होता. या वेळी नजरेचं वाक्य आलं तेव्हा मी डोळे मिटून पूर्ण म्हणणार, तोच काकीने स्टुलावरून हात वर केला. "तां नको. रवांदे."

सगळे पांगल्यावर मला थांबवलं. म्हणाली, "नजर माझी होती रे. तो गेलो त्या दिवसापासना मी सांजवातीक रोज मागलंय — देवा, तेचा थंयचा सगळा बंद कर, पण झील माका घराक परत आण. लोकांत मिरवलंय, आणि दिव्यापुढे ह्यां मागलंय. त्या दिवशी तू नजरेचा म्हणूक नाय, तेवा वाटला, ह्येका कळला. माझ्यार उलटात म्हणान वगळल्यान."

म्हणजे देवाने ऐकलं ते तिचं. माझं नव्हेच! हलका झालो. आणि दुसऱ्याच क्षणी — इथेही सुशांतच. रोजच्या दिव्यापुढे, इतकी वर्षं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. "काकी, माझ्यासाठी कधी काय मागितलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडाच आहे.

"तुका कित्याक मागू? तू आसस मां हंय, माझ्यापाशी. — डोळ्यात थेंब घातलंस काय आज? आण हकडे."

थेंब निम्मे गालावर पडले.